मुलांसाठी सचित्र भयरहस्यकथा: भूत कुठल्या पानावर दाखवायचं?

खिडकीतली_सावली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज अडलेय म्हणून धागा काढतेय.

आठ ते दहा वर्षांच्या मुलांसाठी एक सचित्र गोष्ट लिहिली आहे. थोडी भीतीची, थोडी रहस्याची. ईशा आणि तिचा धाकटा भाऊ बंटी यांच्या घरासमोर एक कुलूपबंद घर आहे. एका रात्री त्याच्या वरच्या मजल्यावरच्या शेवटच्या खिडकीत उजेड दिसतो. दुसऱ्या रात्री पुन्हा. मग दोघं एका दुपारी आत शिरतात आणि त्यांच्या लक्षात येतं की बाहेरून खिडक्या पाच आहेत, आतून मात्र चारच. म्हणजे एक खोली बुजवलेली! शेवटी कळतं, की उजेड म्हणजे त्या खोलीत राहणाऱ्या मांजरीचे चमकणारे डोळे. ३२ पानं आहेत, चित्रं माझी मैत्रीण काढतेय.

मागच्या आठवड्यात नऊ वर्षांच्या भाच्याला वाचून दाखवली. मुखपृष्ठ बघूनच म्हणाला, "मावशी, मांजर आहे ना?" (मुखपृष्ठावर खिडकीत मांजर बसलीये. आम्हाला गोड वाटली होती.) तरी शेवटपर्यंत ऐकलं बिचाऱ्याने. मी विचारलं, भीती वाटली का? तर म्हणे, "कशाला वाटेल? सगळं दिसतंय की."

हे वाक्य डोक्यातून जात नाहीये. माझी शब्दांतली भीती ठीक आहे असं मला वाटतं, मोठ्यांना वाचताना मजा आली. चित्रं जोडली आणि सगळं सपाट झालं. कुठे चुकतंय? जाणकारांनी स्पष्ट लिहा, राग येणार नाही. (आला तरी दाखवणार नाही.)

गोष्टवेडी

वाचनखूण साठवली. आधी मुखपृष्ठावरची मांजर हाकला, बाकीचं मग बघू.

जुनाट_पेन्सिल

सावलीताई, तुमच्या भाच्याने एका वाक्यात समीक्षा केली आहे. मी त्यालाच पुढे नेतो. लहान मुलांच्या पुस्तकांची चित्रं बरीच वर्षं काढतोय, त्यामुळे थोडं लांबण लागेल.

लेखक लिहितो, 'खिडकीत एक अंधुक उजेड थरथरत होता.' चित्रकार काय काढतो? खिडकी, उजेड, थरथर. आता मुलाने काय करायचं? शब्द आणि चित्र दोघं एकच साक्ष देतात, त्यामुळे संशय घ्यायला जागाच उरत नाही. रहस्यकथेत शब्दाला जे माहीत आहे ते चित्राला माहीत नसावं, आणि चित्राला जे दिसतंय त्याबद्दल शब्दाने अवाक्षर काढू नये.

उदाहरण तुमच्याच गोष्टीतलं घेऊ. खिडक्या मोजण्याचा प्रसंग आहे तिथे नेमकं काय लिहिलंय ते सांगा. माझी पैज आहे की 'ईशाने खिडक्या मोजल्या' असं वाक्य असणार. ते वाक्य काढून टाका. पूर्ण. बाहेरून घर दिसतं त्या चित्रात पाच खिडक्या असू द्या, आतला लांब बोळ दिसतो त्यात चार. शब्दांत त्या वेळी दुसरंच काहीतरी चालू असू द्या. बंटीचा बूट फळीत अडकलाय, तो कुरकुरतोय. मोजायचं काम वाचणाऱ्या पोराचं. दहातली तीन पोरं स्वतः मोजतील आणि उरलेल्या सातांना ती तीन सांगतील.

दुसरी गोष्ट पान उलटण्याची. सचित्र पुस्तकात भीतीचं दार म्हणजे पानाचा उजवा खालचा कोपरा. विषम पानं उजवीकडे येतात. म्हणजे पान १५ च्या शेवटी ईशा दाराची कडी काढते आणि उलटल्यावर १६-१७ चं जोडपान उघडतं. जे काही हादरवणारं आहे ते तिथे. तुम्ही जर १४ वर कडी काढायला लावली आणि १५ वर खोली दाखवली, तर पोराची नजर आधीच शेजारच्या चित्रावर गेलेली असते. मोठी माणसं ओळीने वाचतात. पोरं पान उघडलं की आधी चित्र बघतात, सगळं बघतात, मग शब्दांकडे येतात.

आणि भूत काढूच नका. भुताकडे बघणारी ईशा काढा. तिचे खांदे, जिन्याच्या कठड्यावर आवळलेली बोटं. खोलीत काय आहे ते मुलाच्या मनात तुमच्या मैत्रिणीपेक्षा चांगलं रंगतं. (मैत्रिणीला सांगू नका.)

नास्तिक_घुबड

पेन्सिलदादांना अनुमोदन. पण ताई, मांजर मुखपृष्ठावरूनच नव्हे, गोष्टीतूनही जाणार असं दिसतंय. मांजरीचे डोळे स्वतः उजेड पाडत नाहीत. तिच्या डोळ्यात पडद्यामागे आरशासारखा एक थर असतो, तो बाहेरून आलेला प्रकाश परत फेकतो. बुजवलेल्या, काळ्याकुट्ट खोलीत मांजर बसली तर तिचे डोळे कोळशाइतके चमकतील. समोरच्या घरातून कुणी टॉर्च मारली तर थोडंफार दिसेल, पण मग टॉर्च कुणी मारली हे दुसरं रहस्य.

नऊ वर्षांचं पोर हे नक्की पकडतं. भुतावर ते एक वेळ विश्वास ठेवेल, चुकीच्या विज्ञानावर नाही.

खिडकीतली_सावली

पैज जिंकलात दादा. पान १४: 'ईशाने बोटांवर खिडक्या मोजल्या. बाहेरून पाच, आतून चार! तिच्या अंगावर काटा आला.' म्हणजे मीच मोजलं, मीच उत्तर दिलं, काटाही मीच आणला. भाच्याला करायला काही ठेवलंच नाही.

घुबडराव, मांजरीचं दुःख झालं, पण बरोबर आहे. मग उजेड कशाचा? कुणाकडे काही असेल तर सांगा, मी रिकामी झालेय.

आणि दादा, एक शंका. वाक्य काढलं आणि एकाही मुलाने मोजलं नाही तर?

जुनाट_पेन्सिल

तर तीच पाच-चारची विसंगती तीनदा दाखवा. एकदा लांबून, एकदा अंगणातून, एकदा बंटीने काढलेल्या वेड्यावाकड्या नकाशात. नकाशा पोरं फार बारकाईने बघतात, आणि पात्राने स्वतः काढलेला असेल तर जास्तच.

पण मग एक जबाबदारी येते. बाहेरून घर दिसतं त्या सगळ्या चित्रांत खिडक्या पाचच हव्यात. एका चित्रात झाडामागे एक लपली आणि चार दिसल्या, की संपलं. रहस्यकथेत चित्रकाराची चूक ही चूक राहत नाही, ती पुरावा होते. माझाच किस्सा सांगतो. एका पुस्तकात गोष्टीतल्या मावशीचं घड्याळ मी सहा पानांवर डाव्या हातात काढलं आणि सातव्यावर उजव्या. झोप येत होती, दुसरं काही नाही. पुस्तक आल्यावर एका मुलीचं पत्र आलं: चोर मावशीच आहे, कारण पान २३ वर तिची जुळी बहीण आलीये, हे तुम्ही का नाही लिहिलं? गोष्टीतला चोर माळी होता. त्या मुलीचा तर्क आमच्या गोष्टीपेक्षा सरस होता, हे मी लेखकाला अजून सांगितलेलं नाही.

तेव्हापासून एक तक्ता भिंतीवर लावतो. आडवी पानं, उभ्या वस्तू: खिडक्या किती, दार उघडं की बंद, चंद्र कुठे, कुणाच्या हातात काय, किती वाजले. प्रत्येक चित्र संपलं की टिक.

दोन_पिल्लांची_आई

मी लिहीत नाही, मला रात्री वाचून दाखवावं लागतं. त्या बाजूने बोलते.

आठ-दहा वर्षं असं म्हणता तेव्हा शेजारी पाच वर्षांचं पिल्लू पण ऐकत असतं हे धरून चाला. पाच-सहा वर्षांच्या मुलाला 'हे खोटं आहे' हे माहीत असतं, तरी भीती वाटायची ती वाटतेच. मोठ्याची भीती वेगळी. तो अंधाराला घाबरत नाही आता, पण 'आई वेळेवर आलीच नाही तर' याला घाबरतो. त्यामुळे तुमच्या गोष्टीत मुलं एकटी आत शिरतात तिथे त्याचा श्वास अडकणार, उजेड दिसतो तिथे नाही.

एक विनंती. भीतीच्या पानानंतर एक पान श्वास घ्यायला द्या. आमच्याकडे एका पुस्तकात बारा पानं सलग अंधार होता. धाकटीने दहाव्या पानावर पुस्तक मिटलं आणि कपाटाच्या मागे नेऊन टाकलं. नंतर कळलं की पुढच्याच पानावर सकाळ होणार होती.

आणि कृपा करून शेवटी सगळं उलगडून सांगा. दिवा मला विझवायचा असतो, लेखकाला नाही.

गोष्टवेडी

इथे माझं पटत नाही, आईसाहेब. सगळं उलगडून सांगितलेली भुताची गोष्ट मला लहानपणी फसवणूक वाटायची. तीस पानं घाबरवायचं आणि एकतिसाव्या पानावर 'तो तर वारा होता'. अरे मग आधी का नाही सांगितलं! ज्या गोष्टी अजून आठवतात त्यांत काहीतरी उरलेलं होतं.

नास्तिक_घुबड

मला उलट वाटतं. मुलांना खरी मजा 'भूत नव्हतं' यात येत नाही, 'आम्ही शोधून काढलं' यात येते. उत्तर वाऱ्यासारखं ऐनवेळी बाहेरून आणलं की फसवणूक होते. तेच उत्तर पान ४ पासून डोळ्यासमोर असेल तर नाही. गव्हाणी घुबडाचंच बघा. पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा, घुमण्याऐवजी चिरकणारा आवाज, आणि पिसांच्या कडा झालरीसारख्या असल्यामुळे उडताना जवळजवळ शून्य आवाज. पडक्या घरातलं अर्धं भूत तिथेच सापडतं. पण आधीच्या एखाद्या चित्रात कोपऱ्यात त्याने ओकलेला, केस-हाडांचा गोळा दिसला पाहिजे. मग शेवटी घुबड आलं तर पोर ओरडतं, "मी म्हणालो होतो!"

(आयडीवरून पक्षपात वाटेल. हलके घ्या.)

दोन_पिल्लांची_आई

गोष्टवेडी, तुम्ही आमच्याकडे या राहायला. रात्री तीन वाजता 'ते उरलेलं काय होतं' हे तुम्हीच सांगा तिला.

अर्धा_चंद्र

उशिरा आलो, पण चंद्राचं नाव निघालं म्हणून राहवेना.

मुलांच्या पुस्तकांतला चंद्र हा माझा जुना राग आहे. भयकथेत मध्यरात्री डोक्यावर नखाएवढी कोर असते. असं होऊच शकत नाही. कोर सूर्याच्या जवळपास असते, म्हणून ती संध्याकाळी पश्चिमेला नाहीतर पहाटे पूर्वेला. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो. शुद्ध अष्टमीचा मध्यरात्रीच्या आसपास मावळतो. आणि कोरीच्या पोटात चांदणी काढणाऱ्यांशी मी बोलत नाही.

हे किरकिर म्हणून सांगत नाही, यात रहस्यकथेचा ऐवज आहे. १८५८ साली अमेरिकेत एका खुनाच्या खटल्यात साक्षीदार म्हणाला, रात्री अकराच्या सुमारास मी लख्ख चांदण्यात मारेकऱ्याला पाहिलं. आरोपीचे वकील होते अब्राहम लिंकन. त्यांनी कोर्टात पंचांगासारखं एक पुस्तक काढलं आणि दाखवलं की त्या वेळी चंद्र मावळतीला टेकला होता. आरोपी सुटला.

आता सावलीताईंचा उजेड. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो. समजा त्या शेवटच्या खिडकीचं एक तावदान अर्धवट उघडं आहे, तिरकं. पौर्णिमेनंतर उगवता चंद्र त्या काचेत पडतो आणि समोरच्या घरातून खोलीत दिवा लागल्यासारखा दिसतो. पहिल्या रात्री ७ वाजून २० मिनिटांनी. दुसऱ्या रात्री ८ वाजून १० मिनिटांनी. तिसऱ्या रात्री ९ वाजता. शब्दांत वेळ लिहायचीच नाही. ईशाच्या खोलीत भिंतीवर घड्याळ काढा. आणि आकाशात चंद्र दर चित्रात थोडा झिजलेला, पण थेट न दाखवता, पाण्याच्या टाकीत वगैरे. भूत रोज उशीर का करतंय, हे ज्याला सुटलं त्याला सगळं सुटलं.

सावधगिरी: उगवायची जागाही रोज सरकते, म्हणून तीन रात्रींच्या पुढे ताणू नका. कुणीतरी माझ्यासारखा भेटेलच.

गोष्टवेडी

अहाहा. आणि मग प्रश्न उरतो की वर्षानुवर्षं बंद घरात ते तावदान उघडलं कुणी!

नास्तिक_घुबड

वारा.

गोष्टवेडी

कडी आतून असेल तर?

नास्तिक_घुबड

...चालेल. हे उरू द्या.

खिडकीतली_सावली

मला हे वाचताना काटा आला आणि या वेळी मी स्वतः आणला नाही! म्हणजे उजेडाचं उत्तर मिळतं, खोलीचं नाही. पाच-चारचा हिशोबही आता उगाच राहत नाही, कारण त्या खोलीला दारच नाही.

मैत्रिणीला धागा दाखवलाय. ती विचारतेय की रात्रीची चित्रं किती काळी करायची. तिने काळ्या रंगाची अख्खी बाटली काढलीये.

जुनाट_पेन्सिल

बाटली परत ठेवायला सांगा. कमी उजेडात डोळ्यांना रंग कळेनासे होतात आणि त्यात लाल सगळ्यात आधी जातो. निळसर गोष्टी त्या मानाने उजळ दिसत राहतात. याला पर्किन्ये परिणाम म्हणतात. म्हणून रात्र निळी-राखाडी रंगवा आणि ईशाचा दिवसा लाल असणारा स्वेटर चांदण्यात जवळजवळ काळा. एखाद्या गोष्टीत साक्षीदार 'काळ्या कपड्यातला माणूस' म्हणतो आणि तो लाल कपड्यातला असतो, हेही या एका गोष्टीवर चालेल. पुढच्या पुस्तकासाठी घ्या, फुकट.

बंटी हातात मेणबत्ती धरतो तेव्हा चेहऱ्यावर उजेड खालून. आपल्याला वरून पडलेल्या उजेडातले चेहरे बघायची सवय असते, म्हणून खालून उजेड आला की ओळखीचा माणूसही परका दिसतो. एकदाच वापरा हं. दर पानावर खालून उजेड आला की नाटक होतं.

फर्मा_सोळा

छपाईत आयुष्य गेलं म्हणून दोन शब्द. दोनाचे चार होतील.

पडद्यावर जे चित्र अंधारं दिसतं ते कागदावर त्याहून अंधारं येतं. पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही, शिवाय शाई कागदात पसरते. बिनलकाकीच्या कागदावर जास्तच. अंधारात लपवलेला जो बारीक धागादोरा तुम्हाला पडद्यावर दिसतो तो पुस्तकात काळ्यात काळा होऊन जातो. मग पोराला सापडणार कसा? सगळी पुस्तकं छापायला देण्याआधी सगळ्यात काळ्या दोन पानांचा नमुना खऱ्या कागदावर काढून घ्या, आणि तो दुपारच्या उन्हात बघू नका. निजायच्या वेळच्या दिव्यात बघा, पुस्तक तिथेच वाचलं जाणार आहे.

काळ्यावर पांढरी अक्षरं सगळ्यांना फार आवडतात. चार रंग एकावर एक छापून केलेल्या काळ्यात पांढरं अक्षर सोडलं आणि एका रंगाची प्लेट केसभर सरकली, की अक्षराला रंगीत कड येते. आपल्या लिपीत अनुस्वार आणि रफार आधी बुजतात. 'खिडकीत'चं 'खिडकति' होणार नाही, पण 'अंधार'चा 'अधार' नक्की होतो. अक्षरं मोठी आणि जाड ठेवा, नाहीतर मजकूर चांदणं पडलेल्या भिंतीवर काळ्यात घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमच्या पाच खिडक्या जोडपानावर पसरल्या आहेत का? असतील तर मधली खिडकी शिवणीत जाईल आणि पोरं चार मोजतील. कडेची खिडकी कापणीत जाणार नाही हेही बघा, बाहेर ३ मिमी जादा चित्र सोडा आणि महत्त्वाचं काही कडेला नेऊ नका. तुमचं रहस्य कटिंग मशीनवर सुटायला नको.

खिडकीतली_सावली

बाप रे. मधली खिडकी बरोब्बर शिवणीतच होती. आता घर उजव्या पानावर सरकवलंय, डावीकडे नुसतं आकाश आणि मजकूर.

खिडकीतली_सावली

तीन आठवड्यांनी अपडेट देतेय.

मांजर गेली. पान १४ वरची ती तीन वाक्यं गेली. घड्याळ आलं, बंटीचा नकाशा आला. श्वास घ्यायची दोन पानं आली, एकात दोघं भाऊबहीण कोण आधी किंचाळलं यावरून भांडतात. मजकूर चौदाशे शब्दांवरून नऊशेवर आला आणि कापताना एकदाही दुखलं नाही, म्हणजे ते शब्द चित्रांचंच काम करत होते.

कच्ची प्रत घेऊन पुन्हा भाच्याकडे गेले. बरोबर शेजारची आठ वर्षांची मुलगी होती. भाचा पहिल्यांदा गप्प. तिसऱ्या रात्रीच्या पानावर ती मुलगी म्हणाली, "थांबा," आणि पुस्तक माझ्या हातातून घेऊन मागे गेली. पान ५, मग ९, मग १३. घड्याळाच्या काट्यावर बोट ठेवून ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजत होती. मी श्वास रोखून बसले होते. मग म्हणाली, "हे भूत रोज उशिरा येतं. मुद्दाम." मुद्दाम! भाचा म्हणाला, "भूत नाही, चंद्र आहे." दोघांचं भांडण झालं. खिडक्या मात्र दोघांनीही मोजल्या नाहीत. नकाशाच्या पानावर भाचा दोन सेकंद थबकला आणि पुढे गेला.

मग शेवटचं पान. तिथे आता एकही शब्द नाही. सकाळ झालीये, समोरचं घर, पाच खिडक्या, आणि शेवटचं तावदान बंद.

भाच्याला आधी काही कळलं नाही. मग त्याने मागचं पान काढलं, पुन्हा हे बघितलं, आणि नकाशावर गेला. मोजायला लागला. "मावशी, या खोलीत जायचं कुठून?" मी म्हटलं, मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

दोन_पिल्लांची_आई

छान झालंय हे मान्य. पण आमच्या प्रतीतलं शेवटचं पान मी चिकटवून टाकणार.

अर्धा_चंद्र

पहिल्या रात्री पौर्णिमा होऊन किती दिवस झालेत?

खिडकीतली_सावली

एक. तक्त्यात लिहिलंय, टिकही केलीये.

फर्मा_सोळा

शेवटचं पान म्हणजे ३२ ना? ते डावीकडे येतं. उजवीकडे मलपृष्ठाची आतली बाजू कोरी पडेल. तिथे एखादं चित्र टाकता येईल, जागा वाया घालवू नका.

खिडकीतली_सावली

नको, कोरीच राहू दे. मैत्रिणीने ती बाजू फक्त त्या घराच्या भिंतीच्या रंगाची केलीये.